‘डॉग्मा’ला मराठीत काय म्हणावे?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे आपल्यालाही पाहता येईल. जठरातील अल्सरवरच्या एका लेखाचे भाषांतर आपण करत आहात. त्यात ‘जठराच्या आम्लात जीवाणू जगू शकत नाहीत, हा त्या काळचा वैद्यकीय डॉग्मा होता’ अशा अर्थाचे वाक्य आले. आपण ‘डॉग्मा’साठी ‘अंधश्रद्धा’ लिहिलेत, संपादकांनी ते खोडून ‘सिद्धांत’ केले, एका मित्राने ‘पूर्वग्रह’ सुचवला आणि कोशात पाहिले तर ‘मताग्रह’, ‘दुराग्रह’ आणि ‘धर्ममत’ असे आणखी तीन शब्द पुढे आले. यांपैकी बरोबर शब्द कोणता, आणि बोलताना एखाद्या माणसाला ‘डॉग्मॅटिक’ म्हणायचे झाल्यास मराठीत काय म्हणावे, असे आपण विचारले आहे.

भाषांतर आणि संपादन या कामात माझी तीस वर्षे गेली आहेत. या शब्दाशी गाठ वर्षातून चार-पाच वेळा तरी पडते, आणि मागे वळून पाहिले तर बहुतेक वेळी मी त्याला निरनिराळा मराठी शब्द दिलेला आढळतो. त्याबद्दल मला संकोच वाटत नाही, कारण आपल्याला आलेली अडचण शब्द न सापडण्याची नाही. शब्द तर सहा सापडले आहेत. अडचण अशी आहे की ‘डॉग्मा’ हा एकच शब्द तीन कामे करतो. एखाद्या अधिकारी संस्थेने किंवा पंथाने ठरवून दिलेले मत, हे त्याचे पहिले काम. कोणी ठरवून दिलेली असो वा नसो, जिच्याविषयी शंका घेण्याची प्रथाच उरलेली नाही अशी समजूत, हे दुसरे. आणि तिसरे काम माणसाच्या वृत्तीचे वर्णन करण्याचे, जे बहुधा ‘डॉग्मॅटिक’ या विशेषणाकडे जाते. मराठीने ही तीन कामे तीन निरनिराळ्या शब्दकुळांकडे सोपवली आहेत, आणि कोश मात्र ती सगळी मंडळी एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन बसवतो. त्यामुळे आपल्या वाक्यात हा शब्द कोणते काम करतो आहे हे आधी ठरवावे लागते. मी आपला संपूर्ण लेख पाहिलेला नाही. लेखकाचा सूर उपहासाचा आहे की केवळ इतिहास सांगण्याचा, यावर उत्तर थोडे बदलेल, आणि ते कुठे बदलेल हे पुढे सांगते.

मूळ ग्रीक शब्दात आजचा दोषारोप अजिबात नाही. ‘डोकेइन’ म्हणजे वाटणे, भासणे. त्यावरून ‘डॉग्मा’ म्हणजे जे वाटले ते, आणि मग ज्याला ‘वाटले’ तो अधिकारी असेल तर जे ठरले ते. मराठीत ‘पंचांना असे वाटले’ या वाक्याचा अर्थ ‘पंचांनी असे ठरवले’ असा होऊ शकतो, तोच हा प्रवास आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी सर्व लोकांची नावनिशी लिहिली जावी असे रोमन सम्राट कैसर औगुस्त फर्मावतो, त्या फर्मानासाठी मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे, आणि मराठी बायबलमध्ये तिथे ‘आज्ञा’ असे सरळ भाषांतर केलेले आहे. ते अगदी योग्य आहे. तिथे कोणी ‘दुराग्रह’ लिहिला असता तर काय झाले असते याची कल्पना करून पाहावी.

तत्त्वज्ञानातही हा शब्द बराच काळ शिवीवजा नव्हता. प्राचीन संशयवादी तत्त्वज्ञ सेक्स्टस एम्पिरिकस याने आपल्या ग्रंथाच्या प्रारंभीच विचारवंतांचे तीन गट केले आहेत: सत्य आपल्याला सापडले आहे असे म्हणणारे, ते सापडणे शक्यच नाही असे म्हणणारे, आणि अजून शोध घेत असलेले. यांतल्या पहिल्या गटाला तो डॉग्मॅटिक म्हणतो. इथे ‘निश्चितवादी’ हा शब्द चालतो. ‘हटवादी’ चालत नाही, कारण सेक्स्टस त्यांच्या स्वभावाबद्दल बोलतच नाही. प्राचीन वैद्यकातला प्रकार तर आणखी फसवा आहे. ग्रीक वैद्यांमध्ये एक ‘डॉग्मॅटिक’ संप्रदाय होता आणि एक ‘एम्पिरिक’. आजच्या कानांना वाटेल की पहिले पोथी धरून बसणारे आणि दुसरे मोकळ्या मनाचे. प्रत्यक्षात रोगाची दडलेली कारणे तर्काने शोधली पाहिजेत असे म्हणणारे ते डॉग्मॅटिक होते, आणि अनुभवात जे गुणकारी ठरले तेवढे पुरे, असे दुसऱ्यांचे म्हणणे होते. एका हस्तलिखितात मी स्वतः या पहिल्या गटाला ‘पोथीनिष्ठ वैद्य’ करून टाकले होते. छपाईला जाण्यापूर्वी ते लक्षात आले, हा केवळ योग.

शब्दाला आज आपण ओळखतो ते वजन ख्रिस्ती धर्मशास्त्रात आले. कॅथलिक चर्चमध्ये डॉग्मा म्हणजे ईश्वराने प्रकट केलेले आणि चर्चने तसे अधिकृतपणे जाहीर केलेले सत्य. ते मानणे श्रद्धावंताला बंधनकारक असते. पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये येशूची आई मरिया हिच्या निष्कलंक गर्भसंभवाविषयी, आणि पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये तिच्या सदेह स्वर्गारोहणाविषयी असे मत जाहीर केले. या संदर्भात मी ‘धर्मसिद्धांत’ वापरते, आणि एखाद्या लेखात तो शब्द पुन्हा पुन्हा येणार असेल तर पहिल्या ठिकाणी ‘चर्चने बंधनकारक ठरवलेला’ असे विशेषण जोडते. चर्चची प्रत्येक शिकवण किंवा शिस्त हा डॉग्मा नसतो, हेही लक्षात ठेवावे लागते. पाद्रींनी अविवाहित राहणे हा शिस्तीचा नियम आहे, डॉग्मा नव्हे. भाषांतरात दोन्हीला ‘धर्मसिद्धांत’ म्हटले तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

आता आपल्या संपादकांच्या ‘सिद्धांत’कडे वळते. त्यांनी तो शब्द अगदीच वाऱ्यावर उचललेला नाही. न्यायसूत्रांच्या, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथाच्या, पहिल्याच अध्यायात सिद्धांताचे चार प्रकार सांगितले आहेत: सर्वतंत्र, प्रतितंत्र, अधिकरण आणि अभ्युपगम. त्यांपैकी प्रतितंत्र सिद्धांत म्हणजे जो आपल्या शास्त्राला आणि त्याच्या भाऊबंद शास्त्रांना मान्य असतो, पण इतरांना नसतो. डॉग्माच्या पहिल्या अर्थाला याहून जवळचा शब्द मला आपल्या परंपरेत आढळलेला नाही: मत मांडलेले आहे, एका मंडळाने ते स्वीकारलेले आहे, बाहेरचे ते मानत नाहीत, आणि या सगळ्यात कोणालाही मूर्ख ठरवलेले नाही. चौथा, अभ्युपगम सिद्धांत, म्हणजे स्वतः न तपासता पुढच्या चर्चेपुरते मान्य करून टाकलेले मत. आज आपण ज्याला ‘गृहीतक’ म्हणतो त्याचे हे थोरले भावंड म्हणता येईल. गृहीतक आणि डॉग्मा यांतला फरकही इथेच दिसतो. गृहीतक मांडणारा ‘असे धरून चालू’ म्हणतो, म्हणजे सोडून देण्याची वाट तो पहिल्याच वाक्यात मोकळी ठेवतो. डॉग्मा ‘धरून चालू’ म्हणत नाही.

मात्र आजच्या मराठी वाचकाच्या मनात ‘सिद्धांत’ म्हणजे सापेक्षतेचा सिद्धांत, उत्क्रांतीचा सिद्धांत, पायथागोरसचा सिद्धांत. शब्दातच ‘सिद्ध’ आहे. ‘जठरात जीवाणू जगत नाहीत हा वैद्यकीय सिद्धांत होता’ असे वाचल्यावर वाचकाचा समज होईल की कोणीतरी प्रयोग करून ते सिद्ध केले होते आणि नंतर ते चुकीचे ठरले. मूळ लेखकाला नेमके उलटे सांगायचे आहे: ते कधी नीट तपासलेच गेले नव्हते, इतके ते उघड वाटत होते. म्हणून मीही ‘सिद्धांत’ खोडला असता.

या गोंधळाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण विज्ञानातच आहे, आणि त्यात शब्द चुकवणारा भाषांतरकार नव्हता. जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक याने १९५७ मध्ये एका व्याख्यानात, आणि पुढच्या वर्षी छापील लेखात, एक कल्पना मांडली: जनुकीय माहिती न्यूक्लिइक आम्लांकडून, म्हणजे डीएनए-आरएनएकडून, प्रथिनांकडे जाते, पण एकदा प्रथिनात शिरली की तिथून परत बाहेर येत नाही. तिला त्याने ‘सेंट्रल डॉग्मा’ असे नाव दिले. १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवले की काही विषाणूंमध्ये आरएनएवरून डीएनए तयार होतो, तेव्हा डॉग्मा कोसळला अशी चर्चा सुरू झाली. क्रिकला त्याच वर्षी लेख लिहून सांगावे लागले की आपण प्रथिनातून माहिती परत येत नाही एवढेच म्हटले होते, आरएनएवरून डीएनए होणारच नाही असे म्हटले नव्हते. पुढे १९८८ च्या आत्मचरित्रात त्याने कबुली दिली आहे की या शब्दाने जवळजवळ फायद्यापेक्षा मनस्तापच अधिक दिला. डॉग्मा म्हणजे ज्याविषयी शंका घेता येत नाही असे मत, हे फ्रेंच जीवशास्त्रज्ञ झाक मोनो याने त्याच्या लक्षात आणून दिले. क्रिकच्या लेखी मात्र सगळीच धर्ममते निराधार होती, त्यामुळे ज्याला प्रयोगाचा थेट आधार अजून फारसा नाही अशा एका मोठ्या कल्पनेला त्याने ते नाव देऊन टाकले होते. म्हणजे जगाने ‘संशयातीत’ असे ऐकले आणि क्रिकने म्हटले होते ‘अजून पुरावा कमी असलेले’. या एका ठिकाणी मी भाषांतर करतच नाही. ‘सेंट्रल डॉग्मा’ असे ठेवते, कारण ते आता नाव झाले आहे, आणि नावाचा अर्थ लावायला गेले तर मी क्रिकचीच चूक पुन्हा करेन.

‘अंधश्रद्धा’ हा आपला मूळ शब्दही मला मान्य नाही, आणि तो का नाही याचे कारण या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अंधश्रद्धा म्हटले की ती गोष्ट खोटी आहे हे बोलणाऱ्याने ठरवून टाकलेले असते. डॉग्मा खरा असू शकतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे खरेच आहे, पण ‘कशावरून?’ असे विचारणाऱ्या मुलाला जो शिक्षक उत्तर देण्याऐवजी गप्प बसवतो, त्याच्या वर्गात ते वाक्य डॉग्मा म्हणूनच शिकवले जात असते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये हेच मांडले होते: मत कितीही खरे असले, तरी त्याची मोकळी आणि निर्भय चर्चा होत राहिली नाही तर ते मेलेल्या डॉग्मासारखे उरते, जिवंत सत्य राहत नाही. तेव्हा डॉग्मा हा शब्द मताच्या खरेखोटेपणाविषयी काही सांगत नाही. त्या मताला प्रश्नांपासून सवलत मिळाली आहे, एवढेच सांगतो. मराठी प्रतिशब्द निवडताना मी दरवेळी हीच कसोटी लावते. मत खरे ठरले तरी जो शब्द त्या वाक्यात टिकून राहतो, तो डॉग्मासाठी चालतो.

मित्राच्या ‘पूर्वग्रहा’ला ही कसोटी लावली तर तो काठावर उत्तीर्ण होईल, पण त्याची अडचण वेगळी आहे. पूर्वग्रह बहुधा माणसांविषयी, समूहांविषयी, एखाद्या कामाविषयी असतो, आणि ओळख होण्यापूर्वीच तयार झालेला असतो. शिवाय ज्याच्या मनात तो असतो, तो माणूस ‘माझ्या मनात कसलाही पूर्वग्रह नाही’ अशीच सुरुवात करतो. डॉग्मा असा लपत नाही. तो वाक्यात मांडता येतो, पाठ करता येतो, भिंतीवर लिहिता येतो आणि शिकवता येतो. मानणारा तो अभिमानाने उच्चारतो. जठरात जीवाणू जगत नाहीत हे वाक्य प्राध्यापक वर्गात उघडपणे सांगत होते. जीवाणूंविषयी कोणाच्या मनात आकस नव्हता.

उरला ‘दुराग्रह’, आणि इथे आपले वाक्य जरा जवळून पाहू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधले रोगनिदानतज्ज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून जठराच्या अस्तराच्या नमुन्यांत वळणदार जीवाणू दिसत होते. बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले आणि दोघे ते जीवाणू प्रयोगशाळेत वाढवू पाहू लागले. जीवाणू वाढवण्याच्या बशा नेहमीच्या मुदतीत रिकाम्या निघत आणि टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत काही बशा तशाच अधिक दिवस राहून गेल्या आणि त्यांत वाढ दिसली. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जीवाणू स्वतः पिऊन पाहिला आणि त्यांना जठरदाह झाला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. आता मला सांगा, १९७५ सालच्या एखाद्या डॉक्टरांनी ‘जठरात जीवाणू जगत नाहीत’ म्हटले तर तो दुराग्रह होता का? त्यांच्यासमोर उलट पुरावा बहुधा कोणी ठेवलाच नव्हता. ‘दुराग्रह’ या शब्दात ‘आग्रह’ आहे, ओढाताण आहे. समोरचा काही वेगळे सांगत असताना आपले न सोडणे आहे. १९७५ चे डॉक्टर जे मानत होते ती वादातीत समजूत होती. पुरावे छापून आल्यानंतर, १९९० च्या सुमारास, जे डॉक्टर ते न वाचताच तेच वाक्य म्हणत राहिले असतील त्यांच्यासाठी ‘दुराग्रह’ वापरावा. वाक्य तेच, माणसेही कदाचित तीच, पण मधल्या काळात शब्द बदलला पाहिजे. इंग्रजी लेखक दोन्ही ठिकाणी ‘डॉग्मा’ लिहून मोकळा होतो. मराठीत आपल्याला निवड करावी लागते, आणि ती करताना आपण त्या डॉक्टरांना न्याय देत असतो किंवा त्यांच्यावर अन्याय करत असतो.

लेखकाचा सूर कुठे आड येतो, तो इथे. सूर सरळ असेल तर आपले वाक्य मी असे लिहीन: ‘जठराच्या आम्लात जीवाणू जगू शकत नाहीत, ही गोष्ट त्या काळी वैद्यकात वादातीत मानली जात असे.’ सूर उपहासाचा असेल तर: ‘जठराच्या आम्लात जीवाणू जगू शकत नाहीत, हे त्या काळी वैद्यकातले ब्रह्मवाक्य होते.’ ‘वादातीत’ आणि ‘निर्विवाद’ यांची गल्लत मात्र होऊ देऊ नये. निर्विवाद म्हणजे ज्याबद्दल वाद नाही. वादातीत म्हणजे जे वादाच्या पलीकडे नेऊन ठेवले आहे. ‘मानली जात असे’ या क्रियापदाची जोड मिळाली की ते कोणीतरी तिथे नेऊन ठेवले होते हे वाचकाला जाणवते.

आणि पाहा, पहिल्या वाक्यात ‘डॉग्मा’साठी नाम राहिलेलेच नाही. हा माझ्या कामातला अनुभव आहे: इंग्रजी जिथे नाम ठेवते तिथे मराठीला बहुतेक वेळा क्रियापद हवे असते. ‘याविषयी शंका घेण्याची सोय नव्हती’, ‘असे का, हे कोणी विचारत नसे’, ‘हे गृहीतच धरलेले होते’, ‘अमुक म्हणाले म्हणजे झाले’ या साध्या वाक्यांनी जे साधते ते ‘मताग्रह’ हा भारदस्त शब्द ठेवून साधत नाही. तीस वर्षांतल्या माझ्या खुणा मोजल्या तर निम्म्याहून अधिक ठिकाणी मी हाच मार्ग घेतला असेल. शब्दाला शब्द दिला पाहिजे, असे वाटणे हाही एक डॉग्माच आहे.

हा टोमणा मी आधी स्वतःला मारते. ‘आणि’ने सुरू होणारे प्रत्येक वाक्य मी अनेक वर्षे खोडत असे. एकदा नव्याने रुजू झालेल्या एका तरुण सहकाऱ्याने लाल शाईने भरलेले पान माझ्यासमोर धरून विचारले, ‘ताई, हे का जोडून टाकलंत? तोडलेलं बरं वाचलं जात होतं.’ मी म्हणाले, ‘मराठीत वाक्य आणिने सुरू होत नाही.’ त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तो कपाटातली तीन जुनी पुस्तके घेऊन आला, तिन्ही नावाजलेल्या गद्यलेखकांची, आणि त्यांत ‘आणि’ने सुरू होणाऱ्या वाक्यांपाशी कागदाच्या चिठ्ठ्या घातलेल्या होत्या, एकेका पुस्तकात दहा-बारा तरी असतील. मी काय म्हणावे? मी म्हणाले, ‘त्यांचं चालतं.’

त्या दोन शब्दांवर मी नंतर पुष्कळ विचार केला. पुरावा समोर आला, मी तो नाकारलाही नाही. फक्त त्याला अपवाद ठरवून बाजूला ठेवले आणि माझे वाक्य होते तसेच राहिले. मी आवाज चढवला नव्हता, हट्ट केला नव्हता, मुलाशी प्रेमानेच बोलले होते. म्हणून मला त्या क्षणी कोणी ‘हेकेखोर’ म्हटले असते तर ते चुकीचे ठरले असते, पण ‘डॉग्मॅटिक’ म्हटले असते तर मला गप्प बसावे लागले असते. मुळात तो लिहिण्याचा एक संकेत होता, पुष्कळदा उपयोगी पडणारा. मी त्याचा नियम केला आणि मग नियमाचे ब्रह्मवाक्य. या लेखात मी ‘आणि’ने काही वाक्ये सुरू केली आहेत ती मुद्दाम नाहीत. आता ती येतात.

यावरून आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे माणसाच्या वर्णनाकडे येते. ‘हट्टी’, ‘हेकट’, ‘हेकेखोर’ हे शब्द स्वभावाचे आहेत. खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावरूनही माणूस हेका धरू शकतो. त्यामागे काही मत असावेच लागते असे नाही. ‘कट्टर’ हा शब्द निष्ठेचा आहे. कट्टर समर्थक असतो, कट्टर विरोधक असतो, आणि तो शब्द कौतुकानेही वापरला जातो. ‘कर्मठ’ माणूस आचाराबाबत काटेकोर असतो. शब्दातच कर्म आहे. असा माणूस विचारांनी चांगला मोकळा असू शकतो, फक्त त्याचा दिनक्रम मोडता येत नाही. ‘पोथीनिष्ठ’ हा शब्द एखाद्या ग्रंथाच्या किंवा विचारप्रणालीच्या अक्षराला चिकटून राहणाऱ्यासाठी राखून ठेवावा. ‘पोथीनिष्ठ मार्क्सवादी’ हा प्रयोग मराठी लेखनात चांगला रुळला आहे, आणि पोथी असल्याशिवाय तो शब्द वापरू नये. ‘झापडबंद’ हा शब्द दृष्टीविषयी आहे: घोड्याला झापडे लावली की त्याला बाजूचे दिसत नाही, तसे. ‘मतांध’ यांत सर्वांत कठोर. तो लिहिण्यापूर्वी मी पेन खाली ठेवून एकदा विचार करते. ‘डॉग्मॅटिक’च्या सर्वांत जवळचा, तोलून वापरता येणारा शब्द ‘मताग्रही’ हाच आहे, पण तो छापील शब्द आहे. गप्पांत कोणी ‘तो फार मताग्रही आहे’ असे म्हणत नाही.

बोलताना आपण काय म्हणतो? ‘त्याचं ठरलेलं असतं’, ‘त्याला काही सांगून उपयोग नाही’, ‘त्याच्याशी त्या विषयावर बोलण्यात अर्थ नाही’, ‘एकदा म्हणाला की काळ्या दगडावरची रेघ’. यांतल्या शेवटच्या वाक्प्रचाराबाबत सावध राहावे लागते, कारण तो दिलेल्या शब्दाला जागणाऱ्या माणसासाठीही वापरतात. आणि ‘त्या विषयावर’ हे दोन शब्द गाळू नयेत. डॉग्मॅटिक माणूस सर्वच बाबतींत तसा असेल असे नाही; बहुतेकांचे एखाद-दुसरेच बंद दार असते आणि बाकी घर उघडे असते. हेकट माणसाचे तसे नसते, तो दारागणिक अडून बसतो. आपल्या एखाद्या परिचिताविषयी आपण हे विचारले असेल, तर ‘या बाबतीत तो काही ऐकून घेत नाही’ एवढे म्हणणे पुरेसे आहे, आणि ते त्याच्या तोंडावरही म्हणता येते.

आपण विचारलेले नाही, पण हस्तलिखितात पुढे अडेल असे एक सांगते. मूळ शब्द मराठीत ठेवायचा झाला तर तो पुल्लिंगी चालवावा: ‘हा डॉग्मा’, ‘जुना डॉग्मा’. कॅमेरा आणि सोफा हे शब्द मराठीने पूर्ण आपलेसे केले आहेत, म्हणून ‘कॅमेऱ्याला’, ‘सोफ्यावर’, ‘सोफे’ अशी रूपे होतात. डॉग्मा अजून पाहुणाच आहे. ‘डॉग्म्याला’ आणि ‘डॉग्मे’ ही रूपे व्याकरणाने चुकीची नसली तरी वाचताना ठेच लागते. मी ‘डॉग्माला’ लिहिते, आणि अनेकवचनीही ‘डॉग्मा’च ठेवून ‘हे डॉग्मा’ असे म्हणते. ‘डोग्मा’ असेही काही जण लिहितात. दोन्हींपैकी कोणतेही एक धरावे आणि संपूर्ण लेखात तेच ठेवावे. संपादकांनी बदलले तर या एका गोष्टीवरून त्यांच्याशी भांडू नये, ‘सिद्धांत’वरून मात्र एकदा जरूर बोलावे.